चार ओळींचे साडू

जगातली कुठलीही गोष्ट चार ओळींपेक्षा मोठी असू शकते, हे माझ्या इंदापूरच्या साडूंना कधीच मान्य नव्हतं. निवडणूक एका ओळीची, लग्न दोन ओळींचं (त्यातली एक जेवणाची), आणि पुण्याहून आलेल्या वक्त्याचं दीड तासाचं व्याख्यान अर्ध्या ओळीचं. उरलेल्या अर्ध्या ओळीत ते व्याख्यानानंतरच्या चहाबद्दल लिहीत, आणि तोच भाग जास्त वाचनीय असे. तोंडानं बोलणं त्यांना उधळेपणाचं वाटे. आयुष्यभर कालव्याच्या ऑफिसात कारकुनी केल्यामुळे त्यांची सगळी तत्त्वं पाण्यात भिजून आलेली असत. "साडू," ते मला एकदा म्हणाले, "बोलनं म्हंजे मातीचा पाट. निम्मं पानी वाटंतच मुरतं. चिठ्ठी म्हंजे पाईप. हितं सोडलं की तितं पडलं." एवढी वाक्यं त्यांनी बोलून का वाया घालवली याचं मला नवल वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर चिठ्ठीनं आला, निम्म्या लांबीचा. बहुधा रात्रभर चुटपुट लागून राहिली असावी.

ज्यांना साडू नाही त्यांच्या माहितीसाठी सांगतो. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. त्याच्याशी आपलं रक्ताचं काही नसतं, पण त्याच्या ताटातली तुपाची धार आपल्यापेक्षा जाड आहे का, हे आपण आयुष्यभर तिरक्या डोळ्यानं बघत असतो. आमची सासुरवाडी पणदऱ्याची. सासऱ्यांच्या वडिलांची मेंढरं होती. सासऱ्यांनी मेंढरं विकून ऊस लावला, आणि उसाइतकंच खात्रीचं पीक म्हणून थोरल्या मुलीला सरकारी नवरा शोधला. धाकटीच्या वेळेपर्यंत सरकारी नवरे संपले होते, म्हणून बारामतीत लग्नपत्रिका छापणारा मी पत्करला गेलो. तेव्हा तुपाची धार कुणाच्या ताटात जाड पडे हे वेगळं सांगायला नको.

एका धोंड्याच्या महिन्यात आम्हा दोघा जावयांना एकदम बोलावणं आलं. दुपारी पुरणाचे धोंडे गळ्यापर्यंत खाऊन आम्ही ओसरीवर भिंतीला टेकून बसलो होतो आणि मध्ये बसून सासरे, म्हणजे आम्हा दोघांचे मामा, साखर कारखान्याच्या राजकारणावर बोलत होते. दोन तास झाले. डुलकी घ्यावी तर अपमान, उठावं तर उठवत नाही. तेवढ्यात साडूंनी खिशातून एक कागद काढला, मांडीवर ठेवून काहीतरी खरडलं आणि सासऱ्यांच्या पाठीमागून माझ्याकडे सरकवला. कागद म्हणजे शेतकऱ्यांनी कालव्याचं पाणी मागायचा सात नंबरचा अर्ज, मुदत संपलेला, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर मोहरीएवढ्या अक्षरात : "धोंडे : प्रत्येकी नऊ. अध्यक्ष : मामांनी आतापर्यंत तीन पाडले, चौथा पडतो आहे. वारा : बंद. ताक : मागवावे. अवलोकनार्थ सादर." हसू दाबायला गेलो आणि मला असा काही ठसका लागला की सासूबाई तांब्या घेऊन धावत आल्या. तांब्यात ताक होतं. साडूंनी माझ्याकडे न बघता दुसरा कागद सरकवला. त्यावर दोनच शब्द होते : "कार्यवाही झाली." त्या दुपारपासून मी तुपाच्या धारेकडे बघायचं सोडून दिलं.

मग रीतसर तह झाला. वाटणी त्यांनीच केली. बारामती म्हणजे शहर, इंदापूर म्हणजे निसर्ग. वास्तविक दोन्ही गावं एकाच कालव्यावरची, पण कालवा आमच्याकडून त्यांच्याकडे जातो. म्हणजे आम्ही तोंडाशी आणि ते शेवटाला, टेलला. "तुमी आंघोळ केली की आमचा ऊस भिजतो," असं ते म्हणत, आणि या उपकाराची परतफेड म्हणून मी त्यांना शहराची बातमी पुरवायची असं ठरलं. संस्कृती दोघांत सामाईक ठेवली, कारण एकट्याला पुरेल एवढी ती दोन्हीकडे नव्हती. पेय ज्याचं त्याचं. म्हणजे रोज चार ओळी : शहर, संस्कृती, निसर्ग, पेय. नियम तीन. पहिला, चाराची पाचवी ओळ होता कामा नये. दुसरा, खुशाली विचारायची नाही. आपल्या बायका सख्ख्या बहिणी आहेत, कुणाच्या घरात कोण शिंकलं हे त्या एकमेकींना कळवतातच, त्यावर आपण कागद खर्च करायचा नाही. आणि तिसरा, चिठ्ठी ज्याची त्यानं वाचायची, तिसऱ्याला दाखवायची नाही. तिसरा नियम सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला होता. मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. माझं चुकलं, पण ते पुढं येईलच.

टपालखात्यावर त्यांचा विश्वास नव्हता. स्वतः सरकारी असल्यामुळे सरकारी वेगाची त्यांना कल्पना होती. आमची डाक कोकरे कंडक्टर नेत. त्यांची एसटी इंदापूरहून चारला निघे, साडेपाचला बारामती स्टँडात लागे आणि सहाला परत फिरे. मी छापखान्याला कुलूप लावून स्टँडासमोरच्या रसवंतीच्या बाकावर जाऊन बसायचा. गाडी लागली की कोकरे दारातूनच ओरडत, "या सरकारी डाकवाले!" तिकिटांच्या पेटीच्या झाकणातून चार घड्या घातलेला कागद निघे. मी तो वाचायचा, चरकाची घुंगरं ऐकत अर्ध्या तासात उत्तर लिहायचं आणि सहाच्या आत पेटीत टाकायचं. कोकऱ्यांनी कधी घडी उघडून पाहिली नाही. "आपल्याला काय करायचंय? तुमी हसता, तितं ते हसत्यात. मधी आपली फक्त डिझेलची गाडी," असं ते म्हणत.

साडूंच्या हाताखाली ऑफिसात एकही माणूस नव्हता, म्हणून त्यांनी सगळा निसर्ग आपल्या हाताखाली घेतला होता. हिवाळ्यात दर रविवारी ते सायकलवरून उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी जात आणि पाखरांची हजेरी घेत. "निसर्ग : रोहित आले. मागील वर्षापेक्षा दोन दिवस उशीर. रजेचा अर्ज नाही." किंवा "निसर्ग : बगळे सर्व हजर. दिवसभर एका पायावर उभे. काम शून्य. बढतीस पात्र." एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांगच्या रांग उभी होती. माझ्या तोंडून "अहाहा" निघालं, तसे ते ओठावर बोट ठेवून पुटपुटले, "हळू. मोजनी चालू हाय." आणि पाचशेपर्यंत मोजलेले रोहित मी "अहाहा" म्हटल्यामुळे उडाले, ते त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले. मला चिखलात उभा करून. त्या दिवशीच्या चिठ्ठीत निसर्गाच्या ओळीत लिहिलं होतं : "साडू : एक. आवाज मोठा. स्थलांतरित करावा."

शहराचं त्यांना अपार कौतुक होतं, म्हणजे कौतुकाच्या नावाखाली चालणारी तपासणी होती. आमच्याकडे चौकात पहिला सिग्नल बसला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात कळवलं. ते रजा टाकून बघायला आले. चौकातल्या पानाच्या टपरीजवळ तासभर उभे राहिले, कुणाशी बोलले नाहीत आणि परत गेले. संध्याकाळी कोकऱ्यांनी चिठ्ठी दिली : "शहर : पूर्वी पोलीस बघत असे म्हणून लोक थांबत. आता दिवा बघतो, तो कुणाला सांगत नाही, म्हणून लोक थांबत नाहीत. म्हैस मात्र थांबली. ती पणदऱ्याची असावी." बारामतीच्या व्याख्यानमालेला मी त्यांना आग्रहानं बोलावलं. त्याचा अहवाल : "संस्कृती : पाहुणे पुण्याचे. वेळ कमी आहे हे सांगण्यास एक तास घेतला." आणि आमच्याकडच्या एका बड्या घरच्या लग्नात दारातच काचेच्या पेल्यातून काहीतरी लालभडक दिलं गेलं, त्याबद्दल : "पेय : लाल. गोड. यास वेलकम म्हणतात. आम्ही तर येऊन उभेच होतो."

पेयांच्या बाबतीत त्यांचं मन मात्र विशाल होतं. चहा, ताक, उसाचा रस, माठातलं पाणी, चारी त्यांना सारखीच पूज्य. मोरगावला गणपतीला गेले की देवळापेक्षा स्टँडावरच्या चहाबद्दल जास्त लिहीत. आणि पाचवं पेय शनिवारचं. रमची एक बाटली कपाटात सात नंबरच्या जुन्या अर्जांच्या गठ्ठ्यामागे असे. शनिवारी संध्याकाळी दिवेलागणीला तिच्या टोपणानं मोजून दोन टोपणं, वर माठातलं पाणी. कालव्याला ठरावीक दिवसांनी पाणी सुटतं त्याला आवर्तन म्हणतात. साडू या दोन टोपणांना "शनिवारचं आवर्तन" म्हणत. तिसरं टोपण त्यांनी उभ्या आयुष्यात घेतलं नाही. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, कौतुकानं सांगत, "ह्यांचं आवर्तन कदी चुकलं न्हाय बघा. कालव्याचं चुकलं असंल."

अशी आठ वर्षं गेली. नव्वद साली सुरू झालेल्या चिठ्ठ्यांचे माझ्या छापखान्यात बिस्किटांचे तीन डबे भरले. आणि मग मी तो उद्योग केला.

गणेशोत्सवाच्या एका मंडळाची स्मरणिका माझ्याकडे छपाईला होती. फर्मा आठ पानांचा, म्हणजे आठही पानं एकदम छापायची. मजकूर जुळवून झाला आणि ऐन वेळी एका खतवाल्यानं आपली पानभर जाहिरात काढून घेतली. शेजारच्या पानावर त्याच्या चुलतभावाची जाहिरात दोन बोटं मोठी होती, एवढंच कारण. पान कोरं. मंडळाचे अध्यक्ष दारात उभे. "काहीबी टाका, पर कोरं नको. कोरं पान अशुभ." मी इकडं तिकडं पाहिलं आणि माझी नजर बिस्किटाच्या डब्यावर गेली. खरं सांगायचं तर पान भरायचं निमित्त होतं. आठ वर्षं मी एकटा हसत होतो, आणि एकट्यानं हसणं मला झेपत नाही. मला चारचौघांसमोर उभं राहून "आता ऐका हं" म्हणायची सवय. मी बारा चिठ्ठ्या निवडल्या, वर "एका चिठ्ठीबहाद्दराचे अहवाल" असं ठळक खिळ्यात मथळा घातला, नाव घातलं नाही, आणि आपण फार सभ्यपणा केला असं मानून फर्मा यंत्रावर चढवला. बारावी चिठ्ठी मागच्या उन्हाळ्यातली होती. "संस्कृती : साहेबांच्या हस्ते कालव्यावर जलपूजन झाले. नारळ फोडला. नारळात पाणी निघाले. कालव्यात अजून यायचे आहे."

स्मरणिका गाजली. आरती सोडून लोक ते पान वाचत. चहाच्या टपरीवर "नारळात पाणी निघाले" असं एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं "कालव्यात अजून यायचे आहे" म्हणून पुरं करायचं, अशी पद्धत पडली. लोक मला टाळी देत आणि मी जणू ते सगळं मलाच सुचलं असावं अशी मान हलवत होतो. स्मरणिकेची एक प्रत कोकऱ्यांच्या हाती पडली. आठ वर्षं ज्या घड्या त्यांनी उघडल्या नव्हत्या, त्यांच्या आत काय होतं ते त्यांना छापील मिळालं. आनंदानं त्यांनी ती चालत्या गाडीत, दांड्याला धरून, इंदापूर येईपर्यंत सगळ्या उतारूंना मोठ्यानं वाचून दाखवली. गाडीत साडूंच्या ऑफिसातला शिपाई होता.

पुढचं मला अक्कांनी दुपारच्या गाडीनं धाडलेल्या निरोपातून कळलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांनी सगळ्या ऑफिसला बोलावून घेतलं. टेबलावर स्मरणिका. साडूंच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. हेडक्लार्क त्यांच्या कानाशी लागून म्हणाले होते, "कोकणात धाडत्याल बघा. तितं चारी बाजूनं पानी. कालव्याच्या मानसाला यापरीस मोठी शिक्षा न्हाय." साहेबांनी नारळाची ओळ मोठ्यानं वाचली. "हे आपल्याच ऑफिसबद्दल आहे," साहेब म्हणाले. साडूंनी छताच्या पंख्याकडे बघायला सुरुवात केली. आणि साहेब एकदम टेबलावर हात आपटून हसले. "आधीच्या साहेबांबद्दल! हुबेहूब पकडलंय! नारळ फोडायची भारी हौस होती त्या माणसाला! अरे, हा लेखक शोधून काढा. आपण त्याचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, सगळं." यावर मागून शिपायानं विचारलं म्हणतात, "साहेब, नारळ फोडायचा का नुसता द्यायचा?"

म्हणजे संकट टळलं होतं. मी ते ऐकून पोट धरून हसलो आणि संध्याकाळी रसवंतीच्या बाकावर जाऊन बसलो. आज तर चार ओळी सोन्याच्या येणार! गाडी लागली. कोकरे उतरले. पेटीचं झाकण उघडून त्यांनी मला दाखवलं. रिकामं होतं.

"आज न्हाय दिली."

"काही म्हणाले?"

"न्हाय. माझ्याकडंबी बघितलं न्हाय. मी वाचायला नको हुती का वो?"

दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर नाही. मी मात्र रोज लिहीत राहिलो. आधी विनोदी लिहिलं, मग समजुतीचं, मग माफीचं. माफी चार ओळींत मावेना, म्हणून नियम मोडून दीड पान लिहिलं. कोकरे परत येऊन सांगत, "घेतली. खिशात घातली. 'व्हय' म्हनले." एवढंच. मला वाटलं, बदली झाली असती तरी बरं झालं असतं. कोकणातून चिठ्ठी तरी आली असती.

भरीस भर म्हणून आमच्या घरी एक अभूतपूर्व गोष्ट घडली. दोघी बहिणींनी आपापल्या नवऱ्याची बाजू घेतली. संसारात हे असं पहिल्यांदाच होत होतं आणि सवय नसल्यामुळे दोघींनाही ते कुठं थांबवायचं हे कळेना. अक्का म्हणाल्या, घरातलं चव्हाट्यावर मांडायची तुमच्याकडची रीतच हाय. आमची ही म्हणाली, एवढी शाई सुकली असेल तर आम्हाला काय? झालं, दोघींचं येणंजाणं, निरोप, सगळंच बंद. बारामती आणि इंदापूरच्या मध्ये आता नुसता कालवा वाहत होता.

दिवाळीनंतर मला राहवलं नाही. कोकऱ्यांच्याच गाडीनं इंदापूरला गेलो. साडू दारात उभे होते. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची पुढं केली आणि म्हणाले, "या. प्रवास बरा झाला ना? तब्येत बरी? धंदापानी?" ऐकून मी चरकलो. आठ वर्षांत त्यांनी मला खुशाली विचारली नव्हती. आज विचारली, म्हणजे मी नुसता पाहुणा झालो होतो, पणदऱ्याच्या धाकट्या जावयाइतका परका. अक्कांनी चहा दिला, वर साखरेचा डबाही पुढं ठेवला. साडूंनी चहाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

संध्याकाळी ते सायकल काढायला लागले तसा मीही मागं बसलो. त्यांनी नको म्हटलं नाही. फुगवट्याचं पाणी काठापर्यंत आलेलं होतं. रोहित यायला अजून अवकाश होता, नुसते बगळे उभे होते, नेहमीसारखे, काम शून्य. मग मीच म्हटलं, "साडू, चुकलं. पण नाव तर छापलं नव्हतं. आणि साहेबसुद्धा खूश झाले की."

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "सायबाचं मला काय करायचंय? सायेब येत्यात, जात्यात." मग एकेक शब्द मोजून टाकल्यासारखा, "पान्याची पाळी एका शेताची असती. मी चार ओळी तुमच्या शेतात सोडत हुतो. रोज. तुमी पाट फोडून गावाला पाजल्या." आणि शेवटी, "आता लिवायला बसलं की गाव दिसतं. तुमी दिसत न्हाय."

परतीच्या वाटेवर सायकलची साखळी दोनदा उतरली. दोन्ही वेळेला त्यांनीच बसवली. मला हात लावू दिला नाही.

तरी मी लिहिणं सोडलं नाही. आता विनोद नाही, माफी नाही, नुसत्या चार ओळी. शहर, संस्कृती, निसर्ग, पेय. उत्तराची वाट न बघता लिहायचं आणि कोकऱ्यांच्या पेटीत टाकायचं. त्याचीही सवय होते. आणि मग मार्गशीर्षात मला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अंगात त्राण नाही. डॉक्टरांनी अंथरूण धरायला लावलं. आमच्या हिनं इंदापूरला कळवलं नाही. "कशाला? बोलतात का ती माणसं?" असं म्हणून तिनं पदर डोळ्याला लावला, हे मी पाहिलं.

नवव्या की दहाव्या दिवशी, संध्याकाळी पावणेसहाला, दारात खाकी कपड्यात कोकरे उभे. हातात तिकिटांची पेटी. गाडी स्टँडात उभी करून चालत आले होते. "सहाला सोडायचीय," असं म्हणत त्यांनी झाकण उघडलं आणि चार घड्यांचा कागद माझ्या हातात दिला. पाणी मागायचा सात नंबरचा अर्ज. पाठीवर मोहरीएवढं अक्षर.

"शहर : कोकरे कळवतात, स्टँडसमोरचा बाक आठ दिवस रिकामा आहे.
संस्कृती : आपल्या सर्व चिठ्ठ्या मिळाल्या. माफीची लांब आहे. बाकीच्या ठीक.
निसर्ग : रोहित आले. मोजायला गेलो नाही.
पेय : चहा केला. निवला.
बरे आहात ना?"

मी ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या. पाच होत्या. ज्या माणसानं ताजमहालालासुद्धा पाचवी ओळ दिली नसती, त्यानं ती माझ्या काविळीवर खर्च केली होती, आणि तीही खुशालीची. खाली "अवलोकनार्थ सादर" लिहायला ते विसरले होते. कोकरे म्हणाले, "चटाचटा लिवा, गाडी हाय." मी उशाशी पडलेल्या औषधाच्या खोक्याच्या पाठीवर लिहिलं : "शहर : छताला सोळा फरशा. संस्कृती : भेटायला येणारा प्रत्येक जण वेगळं झाडपाल्याचं औषध सांगतो. निसर्ग : मी, पिवळा. पेय : उसाचा रस, डॉक्टरांच्या हुकमावरून. बरा आहे."

दुसऱ्या दिवशी कोकऱ्यांनी चिठ्ठीबरोबर रसानं भरलेला एक कॅन आणला. दुतर्फा उसाचे फड असलेल्या रस्त्यावरून, उसाच्या गावातून उसाच्या गावाला, एसटीनं रस आला. चिठ्ठीत होतं : "पेय : सोबत पाठवले आहे. टेलचा ऊस. पाणी कमी, गोडी जास्त." आणि रविवारी अक्का आल्या, त्या दारातच बहिणीच्या गळ्यात पडल्या. साडू मात्र आले नाहीत. ते मोजणीला गेले होते. दहा दिवसांची हजेरी बाकी होती.

पुढं सगळं सुरळीत झालं, आणि सुरळीत झालेलं फार दिवस टिकत नाही. साडू निवृत्त झाले आणि सात नंबरच्या जुन्या अर्जांचा गठ्ठा संपत आला. कोकऱ्यांना दुसऱ्या मार्गावर टाकलं. नवा कंडक्टर म्हणाला, "पार्सल असंल तर हापिसात नोंद करा." आणि मग दोन्ही घरी फोन आले. माझ्या हिनं आणि अक्कांनी हट्टानं घेतले. आता दर रविवारी सकाळी साडूंचा फोन येतो. "साडू, बरं हाय ना?" मी म्हणतो, "बरंय. तुम्ही?" ते म्हणतात, "व्हय. ठेवतो." संपलं. पूर्वी चार ओळी येत आणि पाचवी येत नसे. आता फक्त पाचवी येते. मी एकदा विचारून पाहिलं, रोहित किती आले यंदा? तर म्हणाले, "फोनवर मोजता येत न्हाय," आणि ठेवला.

बिस्किटांचे डबे अजून माझ्याजवळ आहेत. पाच ओळींची ती चिठ्ठी मी कुणाला दाखवली नव्हती, हिलासुद्धा नाही. आज ती इथं जशीच्या तशी छापतो आहे. तिसरा नियम मी पुन्हा मोडला, आणि या वेळी शुद्धीवर राहून मोडला. हा अंक कुणीतरी इंदापूरला पोचवेलच. साडू चष्मा काढून पुसतील, रविवारचा फोन बंद करतील, आणि दोघी बहिणी पुन्हा आपापल्या नवऱ्याच्या बाजूनं उभ्या राहतील. राहू देत. कपाटातल्या गठ्ठ्यात सात नंबरचे दोन-चार कागद शिल्लक असावेत असा माझा अंदाज आहे. रागावण्यासाठी एक लागला तरी पुरे. मी साडेपाचला रसवंतीच्या बाकावर आहे.